चुलीवरचं म्हणता, तर चुलीवरचंच वाढा

रविवारी सकाळी पुण्यातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा. सिंहगडाकडे, मुळशीकडे, सातारा रस्त्याने भोरकडे, कुठेही. बोर्ड सगळीकडे तेच: चुलीवरचं जेवण, अस्सल गावरान, घरगुती चव. आमच्या घरची मंडळी अधूनमधून अशी बाहेर पडतात. आई, सासूबाई, मुलं, कधी आत्याही असतात. शहरात हॉटेलं काय कमी आहेत? तरी एवढं लांब जायचं ते एवढ्यासाठी की जिथे भात पिकतो तिथे बसून तिथलाच भात खायला मिळावा, तिथल्या बाईच्या हातची भाकरी मिळावी. आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी मिळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी हायवेपासून थोडं आत असलेल्या एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण तशी कितीतरी आहेत. वाड्यासारखं प्रवेशद्वार, अंगणात बैलगाडी, पितळी घंगाळं, जातं. दाराशीच चूल पेटवलेली आणि नऊवारीतल्या एक मावशी भाकऱ्या थापत बसलेल्या. लोक फोटो काढत होते. नंबर लागायला तासाहून जास्त वेळ गेला, त्याचं काही नाही, रविवार होता. पण ताटात भाकरी आली ती गार, कडा वाळून कडक झालेल्या. आईला ती चावेना. मुलीने वाढणाऱ्या मुलाला सरळ विचारलं, "दादा, ही त्या आजींनी केलेली भाकरी आहे का?" तो म्हणाला, "नाही, त्या बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायला असतात. आतलं किचनमधून येतं." त्याने खरं ते सांगितलं, त्याचा काही दोष नाही. पण एका बाईला दिवसभर धुरात बसवायचं आणि तिच्या हातची भाकरी कुणाच्या ताटात जाऊ द्यायची नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

गावरान कोंबडीची ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत हंडी हजर. मांस हाडापासून आपोआप सुटत होतं, हाडं दाताखाली चुरडत होती. ज्याने घरी कोंबड्या पाळलेल्या पाहिल्यात त्याला हे लगेच कळतं. ब्रॉयलर ३५-४० दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो. गावरान कोंबडी तेवढी व्हायला पाच-सहा महिने लागतात, ती हिंडून-फिरून खाते, म्हणून तिचं मांस घट्ट असतं आणि चुलीवर तास-सव्वा तास शिजल्याशिवाय ती खाण्याजोगी होत नाही. सकाळीच शिजवून ठेवली असेल तर तसं सांगा, काही हरकत नाही. पण ब्रॉयलर वाढून गावरानचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे.

पिठल्याचा गोळा झाला होता, त्यावर ताजी फोडणी ओतून आणलेलं. मेनूकार्डावर पनीरचे प्रकार मोजता येणार नाहीत एवढे. पाण्याचा जग मागितला तर बाटलीच आणून ठेवली. आईने मऊ भात मागितला, तिला जिरा राईस मिळाला. लांब दाण्याचा, सुटा, कोरडा. या शेवटच्या गोष्टीने मी खरोखर खिन्न झालो. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ हा सगळा भाताचा मुलूख. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, तोही आंबेमोहराच्याच संकरातून आलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसत असताना आजीबाईंच्या ताटात बासमती यावा? मऊ, चिकट, वासाचा इंद्रायणी भात आणि त्यावर वरण, तूप. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं?

माझं म्हणणं साधं आहे. गावाकडच्या हॉटेलात त्या गावचं जेवण मिळालं पाहिजे. आपल्याकडे वीस-पंचवीस कोसांवर रश्श्याचा रंग बदलतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण मसाला, मराठवाड्यात काळा मसाला आणि येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, खानदेशात कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि भरीत, तेही जळगावच्या हिरव्या वांग्याचं. सोलापूरकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. तळकोकणात मालवणी मसाला. एवढं वैभव असताना नगर रस्त्यापासून गोवा हायवेपर्यंत एकच लाल तर्री, एकच काजूची ग्रेव्ही, एकच हंडी कशी काय मिळते? तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापुरात खावा, त्याला तोड नाही. पण भोरच्या डोंगरात मला कोल्हापूर नको, भोर हवंय.

आणि ते मिळतं. म्हणूनच तर चीड येते.

आषाढात भोरच्या पुढे महाड रस्त्याने गेलो होतो. वरंध घाटाच्या बराच अलीकडे, नीरा-देवघरचं पाणी ज्या बाजूला दिसत राहतं तिथे, एका शेतकरी कुटुंबाने घराची पडवी वाढवून जेवणाची सोय केली आहे. बोर्ड असून नसल्यासारखा. एका मित्राकडून नंबर मिळाला होता, आदल्या दिवशी फोन केला. फोनवरच्या वहिनींनी मेनू सांगितलाच नाही, उलट त्यांनीच विचारलं: माणसं किती, वयस्क कोण आहे का, लहान मुलं तिखट खातात का, कोंबडी खाणारे किती, न खाणारे किती. खाली बसता येईल ना, हेही विचारलं. आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मग टेबल आणून ठेवते शाळेच्या सरांकडचं."

पोचल्यावर कळलं की रात्रीपासून लाइट नाही, मसाला पाट्यावर वाटायचा राहिलाय. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "तासभर लागंल. घाई असली तर आमटी-भाकरी आत्ता वाढते, कोंबडी राहू दे." आम्ही थांबलो. मुलांना भाजलेले शेंगदाणे आणि गूळ दिला, आम्हाला चहा. बाहेर पाऊस कोसळत होता, आई आणि सासूबाई चुलीजवळच्या ओट्यावर जाऊन बसल्या त्या तिथून उठल्याच नाहीत. वाटण, फोडणी, पाऊस, माहेरची गावं, सगळ्या गप्पा झाल्या.

मग ताट आलं. बांधावरच्या कुर्डूची भाजी, लसूण आणि मिरचीवर परतलेली, बाकी काही नाही. घेवड्याची आमटी. नाचणीची भाकरी. इंद्रायणीचा भात, वाफा निघत असलेला. कोंबडीचा रस्सा पातळ, काळपट, तेलाचा तवंग कमी, पण चव अशी की मुलगा गप्प झाला. एरवी तो ताटावर बसून अखंड बडबडतो. मुलीसाठी तिखट घालायच्या आधीच थोडा रस्सा वेगळा काढून ठेवला होता. हे मी सांगितलंही नव्हतं, त्यांनी फोनवरचं लक्षात ठेवलं होतं. भाकरी एकेक करून येत होती. सासूबाई म्हणाल्या, "अहो, एकदम करून ठेवा, आम्ही घेऊ वाढून, तुम्हीही जेवायला बसा." तर वहिनी म्हणाल्या, "गार भाकरी वाढायची नाही आमच्याकडं. तुम्ही बसा, मी टाकते."

सगळंच छान होतं असं नाही. संडास स्वच्छ होता पण भारतीय पद्धतीचा, आईची अडचण झाली. हात धुवायची जागा उघड्यावर, पावसात भिजत जावं लागलं. म्हाताऱ्यांना घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला या गोष्टी भाजीइतक्याच महत्त्वाच्या असतात. निघताना तसं सांगितलं, तर वहिनींचे यजमान म्हणाले की पुढच्या उन्हाळ्यात कमोड बसवायचा विचार आहे. पैसे त्या मोठ्या हॉटेलापेक्षा कमीच झाले. मी जास्त द्यायला गेलो, ते घेईनात.

मोठ्या हॉटेलवाल्यांची अडचणही मला दिसते. रस्त्यालगतची जागा महाग, शनिवार-रविवारी झुंबड, आठवडाभर शुकशुकाट. एकदम तीनशे माणसं आल्यावर ताजी भाकरी कुणी किती करणार? पण मग मेनू छोटा करा. पाचच पदार्थ ठेवा, ते त्या भागातले ठेवा, ताजे ठेवा. नाहीतर बोर्डावर साधं 'हॉटेल' लिहा. हायवेवरच्या धाब्यावर दाल आणि तंदुरी रोटी खाऊन आम्ही कितीदा तृप्त होऊन उठलोय, कारण त्याने दुसरं काही असल्याचा आव आणलेला नसतो. सिंहगडावरही पिठलं, भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही आणि कांदाभजी एवढ्याच भांडवलावर कितीतरी घरं चालत आली आहेत. तिथे कुणी पनीर मागत नाही.

आपणही थोडं बदलायला हवं. न कळवता बारा-पंधरा जणांनी जाऊन धडकायचं, गावरान मागायची आणि दहा मिनिटांत का नाही म्हणून आवाज चढवायचा, असं चालत नाही. जी खानावळ 'आदल्या दिवशी सांगा, नाहीतर मिळणार नाही' म्हणते तिच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावं हा त्यामागचा हेतू. ते उत्पन्न अशा पडवीतल्या वहिनींच्या हातात पडलं तर मला त्याचा खरा आनंद आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीचं असं एखादं ठिकाण असेल तर खाली लिहा. कुठल्या रस्त्यावर आहे, तिथलं खास काय, आधी किती वेळ सांगावं लागतं, वयस्क माणसांना बसायची आणि संडासची सोय कशी आहे. घरच्या लोकांचे खाजगी नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. मला सध्या वाई-जावळीकडची आणि जुन्नर भागातली माहिती हवी आहे. दिवाळीनंतर आत्या येणार आहेत, त्यांना बाजरीची गरम भाकरी खायची आहे.