गुळवेल, लिव्हर आणि ‘साइड इफेक्ट शून्य’चा मेसेज

फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: गुळवेल म्हणजे अमृता. हजारो वर्षं वापरात आहे, नैसर्गिक आहे, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. लाखो लोक घेतात, त्यांना काही होत नाही. तिच्यामुळे लिव्हर खराब होतं ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई आहे. डॉक्टरांनी तपासली ती गुळवेल नव्हतीच, दुसरीच कुठलीतरी वेल होती. खरं लिव्हर खराब करतात ती अ‍ॅलोपॅथीची औषधं. तेव्हा लहानथोर सगळ्यांनी रोज उपाशीपोटी काढा घ्यावा आणि हा मेसेज पुढे पाठवावा.

पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण यातलं एकेक वाक्य तपासून पाहायला हवं, कारण हा मेसेज वाचून काढा सुरू ठेवणाऱ्यांत काविळीचे रुग्णही असतात.

‘ही आवई आहे.’

2020 मध्ये कोरोनाच्या धास्तीने घरोघरी गुळवेल सुरू झाली. कुणी कुंपणावरची तोडून उकळली, कुणी गोळ्या आणल्या, कुणी चूर्ण. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे एकसारखे रुग्ण येऊ लागले. त्यांना कावीळ झाली होती, पण हिपॅटायटिसच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या. दारूचा संबंध नव्हता, नवीन गोळी सुरू नव्हती. सामाईक गोष्ट निघाली ती गुळवेल. अशा सहा रुग्णांची नोंद 2021 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातला एक रुग्ण दगावला. मग 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास जाणवेपर्यंतचा मध्यक काळ 46 दिवसांचा होता, आणि पाच जण वाचले नाहीत. हे लोक आपल्यासारखेच तब्येत जपायला काढा घेत होते.

कारस्थानाचा आरोप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. भारतातल्या यकृततज्ज्ञांच्या जाळ्याने औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या 1288 रुग्णांची माहिती गोळा केली. त्यात पहिला नंबर लागला तो क्षयाच्या अ‍ॅलोपॅथिक गोळ्यांचा, सुमारे 46 टक्के. वनौषधी आणि इतर पर्यायी औषधांचा वाटा सुमारे 14 टक्के. ज्यांना औषध कंपन्यांना वाचवायचं असतं ते असा निष्कर्ष छापत नाहीत.

‘अ‍ॅलोपॅथीची औषधंच लिव्हर खराब करतात.’

वरचा आकडाच सांगतो की करतात. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतलं तर जिवावर बेततं, हेही खरं. पण क्षयाची गोळी सुरू करताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच या, असं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. गरज वाटली तर रक्त तपासलं जातं, गोळ्या थांबवल्या जातात, बदलल्या जातात. शिवाय त्या गोळ्या नाही घेतल्या तर क्षयाने माणूस जाऊ शकतो. धडधाकट माणसाने ‘इम्युनिटी’साठी घेतलेल्या काढ्यावर कुणाची नजर असते? दुसऱ्याचं औषधही घातक आहे म्हटल्याने आपलं निर्धोक ठरत नाही.

‘ती गुळवेल नव्हतीच.’

मेसेजमधला हा एकच मुद्दा गंभीरपणे घेण्यासारखा आहे. आयुष मंत्रालयानेही जुलै 2021 मध्ये मुंबईच्या अहवालावर हाच आक्षेप घेतला होता. गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल आहे, तिच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि ती यकृताला अपायकारक असल्याची नोंद आहे. गफलत होऊ शकते, यात शंका नाही. पण 2022 च्या अभ्यासात रुग्णांकडून मिळवलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही झाली. सगळा दोष चुकीच्या वेलीवर ढकलता येईल असं त्यातून निघालं नाही.

आणि समजा, काही जणांच्या बाबतीत वेल खरोखरच चुकली. मग मेसेजने काय सांगायला हवं होतं? वेल ओळखता येत नसेल तर तोडून उकळू नका, एवढं तरी. चूर्णाच्या पुडीत तर खोडही दिसत नाही, उंचवटेही नाहीत. हिरवट-करडी, कडू पूड तेवढी असते. वेल चुकली म्हणून माणसं आजारी पडली, असं म्हणायचं आणि त्याच श्वासात सगळ्यांनी रोज प्या असंही म्हणायचं, हे कसं जमतं मला कळत नाही.

‘लाखो लोक घेतात, त्यांना काही होत नाही.’

बरोबर आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण यकृताची अशी इजा दोन तऱ्हांनी होते. एक, डोस वाढला की कुणालाही होणारी, पॅरासिटामॉलची तशी. दुसरी, मोजक्याच लोकांना होणारी, जिथे त्या माणसाची प्रतिकारशक्ती आणि जनुकं यांचा खेळ असतो. गुळवेलीची इजा या दुसऱ्या जातीची दिसते. अनेक रुग्णांच्या यकृतात ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी सूज सापडली. म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. जी वेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून आपण घेतो, ती काहींच्या शरीरात नको तिथेही चेतवत असेल, असा डॉक्टरांचा कयास आहे. ज्यांच्यात असा आजार आधीच दबा धरून आहे, त्यांचा धोका म्हणूनच जास्त.

हळदीचं उदाहरण घ्या. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्या-कॅप्सुलांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यातल्या सात जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली. काही उत्पादनांत मिऱ्यातलं पायपरिन होतं, ज्याने हळदीतलं कर्क्युमिन अनेक पटींनी जास्त शोषलं जातं. आमटीत चिमूटभर हळद घालणाऱ्या कुणीही यावरून घाबरायचं कारण नाही. पण फोडणीतली हळद आणि अर्क काढून भरलेली कॅप्सूल या एक गोष्टी नव्हेत. शेजारच्या काकूंना काही झालं नाही, यावरून तुमच्या यकृताबद्दल काहीच ठरत नाही.

‘हजारो वर्षं वापरात आहे, साइड इफेक्ट शून्य.’

आयुर्वेदाच्या नावाने हे सांगणाऱ्यांना चरकसंहितेतला श्लोक दाखवावासा वाटतो: ‘योगादपि विषं तीक्ष्णमुत्तमं भेषजं भवेत् । भेषजं चापि दुर्युक्तं तीक्ष्णं सम्पद्यते विषम् ॥’ नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं, आणि चुकीचं योजलेलं औषधही तीव्र विष ठरतं. बचनाग आणि बिब्बा शुद्ध केल्याशिवाय पोटात द्यायचे नाहीत, हा दंडक याच परंपरेचा आहे. कोडावर वापरली जाणारी बावची यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत. वैद्य प्रकृती बघतो, मात्रा ठरवतो, किती दिवस घ्यायचं ते सांगतो. ‘लहानथोर सगळ्यांनी रोज’ हा आयुर्वेद नव्हे. कोरोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही गुळवेल घनवटीला 15 दिवस ते एक महिना अशी मुदत होती. ती मुदत मेसेजमधून गळाली आणि लोक महिनोन् महिने घेत राहिले. शिवाय हेच मंत्रालय आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी देशव्यापी यंत्रणा चालवतं. दुष्परिणाम होतच नसते, तर ती कशासाठी उभारली असती?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. आधी अन्नावरची वासना उडते, मळमळतं, थकवा येतो. मग लघवी कडक चहाच्या रंगाची होते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, एरवी 40-50 च्या आत असतं, ते कित्येक शेकड्यांत, कधी हजारापुढे. डॉक्टर विचारतात, औषधं कोणती चालू आहेत? उत्तर येतं, काहीच नाही. काढा आपण औषधात धरतच नाही. खोदून विचारावं लागतं, ‘काढा, चूर्ण, रस असं काही?’ तेव्हा, ‘हो, तो तर रोजचाच.’

कित्येक जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतही नाहीत. कावीळ म्हटलं की आपल्याकडे गळ्यात माळ घालायची आणि अमक्या गावच्या माणसाकडून झाडपाला आणायचा. हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय झाडपाल्याला जातं. पण वनौषधीनेच झालेल्या काविळीत आधीचा काढा चालू आणि वर हा नवा पाला, म्हणजे सुजलेल्या यकृतावर दुहेरी मार. वेळेत ओळखलं आणि काढा थांबवला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींना स्टिरॉइड द्यावी लागतात. ज्यांना आधीपासून सिऱ्होसिस आहे, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक झालं आहे, आणि अनेकांना तो असल्याचं ठाऊकही नसतं, त्यांच्याकडे उशीर करायला वाव नसतो.

म्हणून, घरात कुणी गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल असं काही रोज घेत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. यकृताचा जुना आजार, फॅटी लिव्हर किंवा ऑटोइम्यून आजार असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हे काढे-कॅप्सूल सगळं बंद करून दवाखान्यात जा, आणि जाताना चूर्णाची पुडी, गोळ्यांची डबी किंवा वेलीचा तुकडा बरोबर घ्या. नेमकं काय पोटात गेलं, हे त्यावरूनच तपासता येतं.