आइसलँडची फुटबॉल संघटना: कौतुकही आणि रागही

युरो २०१६ या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं, तेव्हापासून मी या संघाच्या प्रेमात आहे. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख, म्हणजे आपल्या इचलकरंजीच्या आसपास. २०१८ च्या विश्वचषकात मेस्सीची पेनल्टी अडवणारा हान्नेस हॉलडॉरसन एरवी दिग्दर्शक, तर प्रशिक्षक हाइमिर हॉलग्रिमसन पेशाने दंतवैद्य. हे किस्से आता सगळ्यांना पाठ आहेत.

पण त्यामागचं चिकाटीचं काम तिथल्या फुटबॉल संघटनेचं, १९४७ साली स्थापन झालेल्या केएसआयचं. थंडीत सराव बंद पडू नये म्हणून २००० पासून नगरपालिकांनी छताखालची मोठी मैदानं उभारली. संघटनेने शाळांशेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदानं केली. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की अगदी चिमुरड्यांनाही शिकवायला रीतसर प्रशिक्षण घेतलेला, पगारी प्रशिक्षक असतो. मुलींनाही. महिला संघ तर पुरुषांच्या सात वर्षं आधीच, २००९ ला, युरो खेळला होता.

म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये जे झालं ते फार लागलं. संघटनेचे अध्यक्ष गुद्नी बर्गसन टीव्हीवर म्हणाले, खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार आमच्याकडे आलेलीच नाही. लगेच एक तरुणी टीव्हीवर आली. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूने २०१७ मध्ये केलेल्या प्रकाराची तक्रार संघटनेपर्यंत पोचली होती, असं तिने सांगितलं. अध्यक्ष गेले, पाठोपाठ अख्खं मंडळ गेलं.

एवढ्याशा देशात सगळे एकमेकांना ओळखतात. पोरांमधून खेळाडू घडवताना ते सोयीचं, पण तक्रार करणाऱ्या बाईला तेच जाचक. तिने दार ठोठवायचं कुणाचं? आतला माणूस आरोपीला लहानपणापासून ओळखत असतो, त्याच्या गोलवर नाचलेला असतो. अशा वेळी पांघरूण घालायला कट करावा लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

ऑक्टोबरमध्ये महिला संघाच्या माजी कर्णधार आणि प्रशिक्षक वांदा सिगुरगेर्सदोत्तिर अध्यक्ष झाल्या, युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, सदस्य संघटनांमधल्या पहिल्या महिला अध्यक्ष. २०२२ च्या विश्वचषक पात्रता गटात पुरुषांचा संघ सहांत पाचवा आला. चाहता म्हणून वाईट वाटलं, तरी त्या राजीनाम्यांची किंमत म्हणून मला ते जड वाटत नाही. माझी अपेक्षा एकच: संघनिवड आणि प्रायोजक ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्या टेबलावर अशी तक्रार जाताच कामा नये. ती ऐकणारे लोक संघटनेबाहेरचे हवेत.