रे नगरची घरं फुकट नाहीत : ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शहराजवळच्या कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीत सरकारनं कामगारांना तीस हजार घरं फुकट वाटली. पैसा गेला कर भरणाऱ्यांचा. ज्यांना घरं मिळाली त्यांनी ती भाड्यानं देऊन टाकली. त्यांची कर्जं तर बुडणारच. आणि एवढा खर्च करण्यापेक्षा ही माणसं भाड्यानं राहिली असती तर काय बिघडलं असतं? मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चांगली माणसं आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘फुकट’ हा शब्द घेऊ. ९ जानेवारी २०१९ रोजी रे नगरची पायाभरणी झाली, तेव्हा केंद्र सरकारनंच प्रकल्पाचा खर्च जाहीर केला होता : १,८११.३३ कोटी रुपये. त्यात प्रधानमंत्री आवास योजनेतलं केंद्र आणि राज्य मिळून अनुदान ७५० कोटी. घरं ३०,०००. म्हणजे एका घरामागे खर्च सहा लाखांच्या थोडा वर आणि अनुदान अडीच लाख, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. उरलेले साडेतीन लाख कोणाचे? विडी वळणाऱ्या बाईचे, यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचे, रिक्षावाल्याचे, कचरा वेचणाऱ्या बाईचे. साठवलेले दागिने मोडून किंवा बँकेचं कर्ज काढून भरायचे. साडेतीन लाखांचं कर्ज समजा ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ३,१५० रुपये बसतो. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घरात हा हप्ता दर महिन्याला काढायचा आहे. याला फुकट म्हणायचं असेल तर आपल्या सगळ्यांचे फ्लॅटही फुकटच धरावे लागतील.

सरकार दिवसेंदिवस जास्तच वाटत सुटलंय, असाही मेसेजचा सूर आहे. सोलापूरचाच हिशेब उलटं सांगतो. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं याच कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार महिलांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, १०,००० घरांची. तेव्हा एका घराचा खर्च साठ हजार होता. वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस कामगार बाईचे. म्हणजे कामगाराचा वाटा एक तृतीयांश. रे नगरात तोच वाटा निम्म्याच्याही वर गेलाय.

आता कर भरणाऱ्यांचा पैसा. साबण, तेल, बिस्किटांवरचा जीएसटी विडी कामगारही भरतात, ते क्षणभर बाजूला ठेवू. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचा त्यातून वर्षाला ६०,००० रुपये कर वाचतो, उपकर धरून ६२,४००. पाच वर्षांत ३ लाख १२ हजार. रे नगरच्या घराला एकदाच मिळालेल्या अनुदानापेक्षा ही रक्कम जास्त आहे. नव्या पद्धतीत राहत्या घरावर ही वजावट मिळत नाही, हे खरं. पण इतकी वर्षं ती घेतलेले लोक याच ग्रुपवर आहेत आणि त्यांनी ती घेतली यात गैर काही नाही. तोही सार्वजनिकच पैसा होता. फक्त तो चेक होऊन आला नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

शिवाय सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना–शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं मध्यमवर्गीय कुटुंबही व्याज अनुदानाला पात्र आहे. मुख्य अटी अशा की देशात कुठेही पक्कं घर नसावं, घराची किंमत ३५ लाखांच्या आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. मेसेज पाठवणाऱ्यांची मुलं-सुना यात बसत असतील तर त्यांनी जरूर अर्ज करावा.

कर्ज बुडवतील, या आरोपाला फार जागा देत नाही. इथली खरी अडचण बुडण्याची नाही, कर्ज मिळण्याचीच आहे. पगाराची पावती नाही, मालकानं कर कापल्याचा फॉर्म १६ नाही, मग बँक फाइल पुढे सरकवत नाही. त्यासाठीच कमी उत्पन्नाच्या गृहकर्जांना हमी देणारा निधी आहे आणि २.० मध्ये तो १,००० कोटींवरून ३,००० कोटींवर नेला आहे.

घरं भाड्यानं दिली जातात, हे मात्र मी साफ नाकारत नाही. काही जण देत असतील. पण कारण बघा. काम सोलापूरच्या पूर्व भागात, कारखान्यात. मुलांची शाळा तिकडेच. आणि घर शहराबाहेर कुंभारीला. दोन बस बदलून वेळेवर पोहोचता आलं नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. घराला अनुदान दिलं आणि बससेवेला पैसे दिले नाहीत, तर कुलूप लागणारच. दोष द्यायचाच तर त्या नियोजनाला द्या.

आणि भाड्यानं राहिलं तर काय बिघडतं? पूर्व भागातली दहा बाय दहाची खोली एकदा दुपारी बघून या. ओलं केलेलं विडीचं पान गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असतं. बाई पत्र्याचा तुकडा मापाला धरून कात्रीनं पान कापते, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसते. तंबाखूची धूळ बसते ती शेजारच्या शेगडीवर आणि तिथेच झोपलेल्या पोराच्या अंगावर. तिची खोली हाच तिचा कारखाना असतो. घरमालकानं ‘खोली खाली करा’ म्हटलं की राहणं आणि काम दोन्ही एकदम उठतं. पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि साठवायला टाकी ठेवायची तरी मालकाची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. या खोल्यांचे करार कोण करतं? करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पुढचं सगळं अडतं.

तरीही भाड्याच्या घरांचा मुद्दा त्या मेसेजमधला एकमेव कामाचा मुद्दा आहे. लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावी गेले, त्यानंतर २०२० मध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाडेघरांची योजना काढली, आणि २.० मध्ये भाडेघरं हा स्वतंत्र घटकच आहे. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एमआयडीसीत कामाला येणाऱ्या एकट्या पोराला वीस वर्षांचं कर्ज नको असतं. त्याला कामाच्या जवळ, करार असलेली, दोन वर्षांपुरती खोली हवी असते. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीजवळ अशी घरं बांधा, असा अर्ज महापालिकेकडे करा. त्यावर सही करायला मी येतो.