ई-क्लास नवी की जुनी : मागच्या सीटवरून उत्तर

नमस्कार साहेब,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, त्यामुळे दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : लांब व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेल्या) नव्या मर्सिडीज ई-क्लासपेक्षा मी आधीच्या पिढीला झुकतं माप दिलं, ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांची री ओढली, स्क्रीनना खेळणी म्हणून हिणवलं, आणि सेकंडहँड जुनी घ्या म्हणून पैसेवाल्यांचा अपमान केला. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘नवी गाडी प्रत्येक आकड्यात सरस असताना जुनी चांगली कशी?’

प्रत्येक आकड्यात नाही हो. जुन्या गाडीची मागची सीट ३७ अंशांपर्यंत कलायची, नवीची ३६ अंशांपर्यंत कलते. हा एक अंश कुणाच्या कमरेला कळणार नाही, मान्य. पण मग त्याच न्यायाने तुमच्या लाडक्या व्हीलबेसचंही बघू. जुनीचा ३०७९ मिलिमीटर, नवीचा ३०९४. वाढ १५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतकीसुद्धा नाही. खरी उडी २०१७ मध्ये होती. तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदा लांब ई-क्लास आली आणि साध्या ई-क्लासपेक्षा तिचा व्हीलबेस तब्बल १४० मिलिमीटरने जास्त होता. पाय पसरून बसायची चैन तेव्हाच मिळाली. नव्या पिढीत तिला फक्त इस्त्री केली आहे.

आता मूळ मुद्दा. चाकणला तयार होणारी ही लांब गाडी घेतो कोण? ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे तो. गाडी लांब केली तीही मागे बसणाऱ्यासाठीच. तेव्हा दोन पिढ्यांची तुलना मागच्या डाव्या सीटवरूनच व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे. तिथून बघितलं तर या वेळचा बराचसा पैसा पुढे खर्च झालाय. मधे १४.४ इंची स्क्रीन, तिच्या शेजारी पुढच्या प्रवाशासाठी आणखी एक १२.३ इंची. डॅशबोर्डवर सेल्फी कॅमेरासुद्धा. आपल्याकडे त्या पुढच्या डाव्या सीटवर कोण बसतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. बसलाच तर बॉडीगार्ड, किंवा साहेबांचा डबा आणि फायली. त्या डब्यासमोर बारा इंची स्क्रीन! खेळणं हा शब्द मी याच स्क्रीनसाठी वापरला होता आणि तो मागे घेणार नाही.

मधल्या स्क्रीनबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या गाडीत एसीच्या झरोक्यांखाली बटणांची एक रांग होती, खरीखुरी, दाबली की ‘टक्’ वाजणारी. पंखा कमी करायचा तर ड्रायव्हरचा हात न बघता तिथे जायचा. नव्या गाडीत तेच काम स्क्रीनच्या तळाशी बोट टेकवून करायचं, म्हणजे क्षणभर का होईना रस्त्यावरून नजर काढायची. बोरघाटात पावसाळी धुक्यात मागे बसलेल्या माणसाला याचं सोयरसुतक असायला हवं, कारण जीव त्याचाही आहे.

नवीचं कौतुक जिथे करायचं तिथे हात आखडता घेत नाही. मांडीला आधार देणारा सीटचा पुढचा भाग आता ४० मिलिमीटर पुढे येतो. उंच माणसाला मुंबई-पुणे प्रवासात त्याचं मोल कळेल. स्टेपनी डिकीच्या फरशीवरून उचलून फरशीखाली नेली, हे काम तर फार आधीच व्हायला हवं होतं. जुन्या गाडीची डिकी उघडली की आधी ते चाकच दिसायचं, विमानतळावरून दोन मोठ्या बॅगा आणायच्या तर एक पुढच्या सीटवर. आणि ४८ व्होल्टच्या यंत्रणेमुळे (इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर आणि बॅटरी) सिग्नलला बंद झालेलं इंजिन इतक्या अलगद सुरू होतं की डुलकी मोडत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत खरं.

पण तुम्ही डिझेलवाले आहात, तेव्हा एका गोष्टीवर तुम्ही गप्प कसे, याचं नवल वाटलं. जुन्या गाडीत ई ३५०डी मिळायची : सहा सिलिंडर, २८६ हॉर्सपॉवर, ६०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. नव्या पिढीत ती नाही. सहा सिलिंडर हवे तर ई ४५० पेट्रोल, ३८१ हॉर्सपॉवरची. ती पळते जोरात, वादच नाही. पण डिझेलचा तो अर्ध्या झोपेतल्या हत्तीसारखा जोर, अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लागला तरी घाट चढणारा, तो गेला. उरलेल्या ई २२०डीमध्ये १९४ चे १९७ हॉर्सपॉवर झाले, टॉर्क ४०० वरून ४४०. बरं आहे. पण त्यासाठी कुणी गाडी बदलत नाही.

आता तुमचा सेकंडहँडकडे वळवण्याबद्दलचा आक्षेप. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवी आली तेव्हा ई २२०डीची एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, विमा सोडून) ८१.५ लाख होती. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सव्वाबारा लाखांच्या आसपास. पेट्रोलला १३ टक्के. तो एकदाच भरायचा असतो आणि गाडी विकताना कुणी त्याचे वेगळे पैसे देत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाटचा हा खड्डा पहिल्या मालकाने आधीच बुजवलेला असतो. यात पैसेवाल्याचा अपमान कुठे झाला? हिशेब त्यालाच जास्त कळतो.

तुमची २०१९ ची ई २२०डी रविवारी तुम्ही स्वतः चालवता, असं लिहिलंय. निव्वळ चालवण्याच्या हौसेसाठी बदलणार असाल तर ई ४५० बघा. पण मग आत्ताच्या गाडीसारखंच पाच मीटरहून लांब गाडीचं शेपूट गावातल्या पार्किंगमध्ये पुढेही सांभाळायची तयारी ठेवा. बीएमडब्ल्यूची लांब ५ सिरीज तुम्ही मधे आणलीत, ती चालवायला मजेदार आहे, पण तिची मागची सीट कलत नाही. माझ्यासाठी तिचा विषय तिथेच संपतो.

आणि शोरूमला जाल तेव्हा टेस्ट ड्राइव्ह सेल्समनला करू द्या. तुम्ही मागे डावीकडे बसा, सीट पूर्ण मागे सोडा, आणि गुळगुळीत हायवे टाळून एखाद्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी घ्यायला सांगा. मग त्याच रस्त्यावर तुमच्या गाडीत तसेच बसा, ड्रायव्हरला चालवू द्या. एवढं करूनही नवीच मनात भरली तर खुशाल घ्या, फक्त डिझेलऐवजी पेट्रोलवरची ई २०० घ्या : २०२४ मध्ये नवी आली तेव्हा तिची किंमत तीन लाखांनी कमी होती, टॅक्समध्ये आणखी दोन लाख वाचत होते.