आनंदीबाईंचा तो फोटो पदवीदानाचा नाही

३१ मार्च, म्हणजे आनंदीबाई जोशींचा जन्मदिवस जवळ आला की एक जुना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियन पेहरावातल्या सबात इस्लामबुली. सोबतचा मजकूर थोडाफार असा असतो: पदवी मिळाली तो हा दिवस, १८८५. भारत, जपान आणि सीरियाच्या या पहिल्या परवानाधारक महिला डॉक्टर. अमेरिकेतल्या कॉलेजाने त्यांच्यासाठी नियम मोडला. आज ते कॉलेज राहिलं नाही, कागद राहिले नाहीत, उरला तो एवढा फोटो.

भावना चांगली आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. आणि ते चुकीचं आहे हे ज्या कागदांवरून कळतं, ते कागद नाहीत असं हाच मजकूर सांगतो. म्हणून लिहितोय.

आधी दिवस. मूळ फोटो फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजाच्या संग्रहात आहे. त्यावरची तारीख १० ऑक्टोबर १८८५ आणि प्रसंग या तिघी जिथे शिकत होत्या त्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी दिलेल्या स्वागत समारंभाचा. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, म्हणजे त्यानंतर पाच महिन्यांनी. पंडिता रमाबाई त्या पदवीदानाला हजर होत्या. ओकामी १८८९ साली पदवीधर झाल्या, इस्लामबुली १८९० साली. थोडक्यात, फोटोत एकही डॉक्टर नाही. शिकत असलेल्या तीन विद्यार्थिनी आहेत, आणि तिघींचीही शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे. मला तर हे कळल्यापासून तो फोटो जास्तच आवडायला लागला.

‘पहिल्या परवानाधारक’ हे विधान तर टिकतच नाही. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांनी सरकारी परीक्षा देऊन १८८५ सालीच परवाना मिळवला होता, तेव्हा ओकामी अजून फिलाडेल्फियात शिकत होत्या. ओकामींचं पहिलेपण वेगळं आहे: पाश्चात्त्य देशात जाऊन वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या जपानी स्त्री. ओकामींबरोबरच, १८८९ साली, त्याच कॉलेजातून सुझन ला फ्लेश या अमेरिकेच्या आदिवासी समाजातल्या पहिल्या डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडल्या, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आपल्याकडे तर परवाना हा शब्दच त्या काळाला लागू नाही. डॉक्टरांची नोंदणी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९१२ चा. आनंदीबाई त्याआधी पंचवीस वर्षं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण क्षयाने ती हाती घेऊ दिली नाही. अमेरिकेत जाऊन डॉक्टरची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री, हा त्यांचा मान निर्विवाद आहे. पण १८८६ सालीच कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे कित्येक वर्षं रोगी तपासले. एकीचा मान वाढवायला दुसरीचं नाव पुसावं लागत नाही.

नियम मोडल्याची गोष्ट मात्र नीट उलगडून पाहायला हवी. वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० साली निघालं तेच स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी. तेव्हा बाई म्हणून कोणावर मेहेरबानी करण्याचा प्रश्नच नव्हता. उलट १८६९ साली इथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये तासाला बसल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. पण मजकुरात एक खरा धागा आहे, आणि तो खुद्द आनंदीबाईंच्या पत्रात सापडतो. अमेरिकेत उतरून महिनाही झाला नव्हता, तेव्हा २८ जून १८८३ रोजी त्यांनी कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलं. सगळ्या अटींत मी बसेन की नाही सांगता येत नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्या, अशी विनंती त्यात आहे. मित्रमंडळी आणि जात यांचा विरोध झुगारून आले आहे, असं त्या सांगतात. माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत, असंही लिहितात. सवलत मागितली ती या कारणासाठी, आणि स्वतःच्या नावाने.

आता ‘कागद राहिले नाहीत’. हे पत्र मी वाचलं ते घरी बसून, संगणकावर. कॉलेज खरोखरच अनेकदा बदललं. १९७० साली मुलांना प्रवेश मिळाला आणि नाव बदललं, १९९० च्या दशकात ते हानेमान कॉलेजमध्ये विलीन झालं, १९९८ साली दोन्ही चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली. मग ड्रेक्सेलने कारभार हाती घेतला आणि २००२ साली कॉलेज त्या विद्यापीठाचा भाग झालं. एवढ्या उलथापालथीत जुनी कपाटं रद्दीत जायला वेळ लागत नाही. ती वाचली, कारण वैद्यकातल्या स्त्रियांचा स्वतंत्र संग्रह १९७७ पासूनच उभा होता. आज त्यातले फोटो, पत्रं, प्रबंध स्कॅन करून सर्वांसाठी खुले आहेत. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरचा आनंदीबाईंचा हस्तलिखित प्रबंधही त्यात आहे. १८९२ साली याच कॉलेजातून डॉक्टर होऊन मुंबईत काम करणाऱ्या गुरुबाई करमरकरांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

स्कॅन करणं हे या कामातलं सोपं काम. हाताने लिहिलेलं पत्र यंत्राला दरवेळी धड वाचता येतंच असं नाही; कोणीतरी बसून ते अक्षर लावतं. प्रत्येक फोटोला तारीख, प्रसंग, नावं, मूळ कुठे ठेवलंय याची नोंद जोडतं. फॉरवर्ड करताना आपण नेमकी तीच नोंद टाकून देतो. फोटो पुढे जातो, तारीख मागे राहते, आणि त्या रिकाम्या जागी कोणीही काहीही लिहितं. यंदा तो तुमच्या ग्रुपवर आला, तर निदान ‘१० ऑक्टोबर १८८५, डीनच्या समारंभातल्या विद्यार्थिनी’ एवढं तरी खाली लिहा.

आणि संग्रहात शोधणार असाल, तर इंग्रजीत जोशी लिहिताना शेवटी ‘आय’ नको, दोन ‘ई’ टाका. आनंदीबाई आपलं आडनाव तसंच लिहीत.