जाकिटातला बटाटा

आमच्या बाबांना पब बघायचा होता. प्यायचं काही नाही, नुसता बघायचा. हडपसरच्या कट्ट्यावरच्या एका मित्राने त्यांना बजावलं होतं म्हणे, की इंग्लंडला जाऊन पबात पाय न ठेवणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवणं. हा मित्र स्वतः कधी सोलापूरच्या पुढे गेलेला नाही.

मी बर्मिंगहॅमला राहतो. इथे लाकडी तुळयांचे, शेकोटीवाले, देखणे पब आहेत. तिथे नेता आलं असतं. पण कालव्याकाठच्या एका पबाच्या खिडकीत कागद दिसला : सोमवार ते शुक्रवार, दुपारी, दोन जेवणं चौदा पौंडांत. काटकसर आमच्याकडे वडिलोपार्जित आहे, तेव्हा पुढे जे घडलं त्याचा निम्मा दोष बाबांचाच.

दारावरच्या पाटीवर एक प्राणी रंगवलेला होता. तो सिंह की कुत्रा, यावर आमचं एकमत झालं नाही. मी लगेच माहिती पुरवली : १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने दारू विकणाऱ्यांना दाराबाहेर पाटी लावायची सक्ती केली, म्हणजे सरकारी तपासनीसाला दुकान सापडावं. बाबांची अख्खी नोकरी एस.टी.च्या हिशेब खात्यात गेली. त्यांनी राजाबद्दल आदराने मान डोलावली.

आत गालिचा होता. त्याची नक्षी अशी, की त्यावर काय काय सांडलंय ते कळू नये. टेबलावर मी कोपर ठेवलं, ते उचलताना टर्र असा आवाज झाला. बाबा वेटरची वाट बघत बसले. दहा मिनिटांनी मी सांगितलं, की इथे वेटर येत नाही, आपण काउंटरवर जाऊन टेबलाचा नंबर सांगायचा आणि आधी पैसे भरायचे. ‘‘म्हणजे कूपन घ्यायचं की,’’ बाबा म्हणाले. ‘‘डेपोच्या कँटीनला असंच होतं. त्यासाठी विमानाने कशाला यायचं?’’

मग मेनूकार्ड. ते प्लॅस्टिकचं होतं आणि तेही चिकट. बाबा इथे आल्यापासून प्रत्येक आकड्याला शंभराने गुणतात. कार्डावर बोट फिरवता फिरवता ते एकदम थांबले. ‘‘हा मासा एक लाख अठरा हजारांचा आहे?’’ मी बघितलं. ११८० लिहिलं होतं. २०२२ सालापासून इथल्या मोठ्या हॉटेलवाल्यांना पदार्थाशेजारी कॅलरी छापाव्या लागतात. हे समजावल्यावर बाबांना हायसं वाटण्याऐवजी मासा आणखीच महाग वाटायला लागला.

मासा तसाही बाद होता. गुरुवार निघाला. गुरुवार बाबांचा दत्ताचा वार, त्यामुळे मासा नाही, अंडं नाही. हे मला चौदा पौंडांच्या नादात आठवलं नव्हतं. उरलं काय, तर जॅकेट पोटॅटो विथ बीन्स. नाव ऐकून बाबा जरा खूश झाले. काहीतरी भरजरी येणार अशी त्यांची समजूत.

वीस मिनिटांनी बटाटा आला. एकच. सालासकट. मधे चिरलेला, आणि त्या चिरेत ओतलेल्या टोमॅटोच्या गोड पाकातल्या घेवड्याच्या बिया. शेजारी काकडीची एक चकती, तीही कडेने सुकलेली. बाबांनी बटाटा काट्याने उलटा करून बघितला. ‘‘जाकीट काढायचं राहिलंय,’’ ते म्हणाले. मग एक घास घेतला आणि बराच वेळ बोलले नाहीत. बाहेरून बटाटा भाजत होता आणि आत थेट फ्रीजच्या आठवणीत रमलेला होता.

माझ्या ताटात दोन सॉसेज, बटाट्याचा लगदा आणि यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हटल्यावर बाबांनी आशेने मान वर केली, पण ते गोड नसतं. मैदा, दूध, अंड्याचं मिश्रण तापल्या चरबीत भाजून फुगवतात आणि त्यावर तपकिरी ग्रेव्ही ओततात. बाबांनी निरखून पाहिलं. ‘‘पुरीच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण फुगता फुगता बिघडलेली.’’ मी तो तुकडा चावायला लागलो आणि बाबांच्या निदानाशी सहमत झालो.

एवढ्यात तिथली पोरगी आली. असेल एकोणीस-वीसची. ‘‘सगळं ठीक?’’ तिने विचारलं. माझं तोंड भरलेलं. इंग्लंडमध्ये हा प्रश्न नेमका तेव्हाच विचारतात आणि उत्तर एकच असतं. मी म्हणालो, ‘‘लव्हली, थँक यू.’’

ती गेल्यावर बाबांनी काटा खाली ठेवला. ‘‘खोटं का बोललास?’’

‘‘बाबा, इथे तसंच म्हणतात.’’

‘‘आम्ही चार आण्यांच्या फरकासाठी रात्री डेपोत बसायचो. पुढच्या वेळी ती आली की मी बोलतो. तू मधे पडू नकोस.’’ मग पाण्याच्या ग्लासाकडे बघून म्हणाले, ‘‘याचे किती?’’ नळाचं पाणी पबवाल्यांना कायद्यानेच फुकट द्यावं लागतं, हे ऐकल्यावर त्यांनी ओळीने तीन ग्लास संपवले. दुपारभरात समाधानाने पोटात गेलेली वस्तू तेवढीच.

बटाट्याचा मधला गारठा बाबांनी पुराव्यासारखा कडेला काढून ठेवला. ‘‘तो राजाचा तपासनीस हल्ली येत नाही का रे?’’ असं विचारेपर्यंत पोरगी परत आलीच. बाबांनी घसा खाकरला. वाक्य इंग्रजीत तयार होतं, त्यांचे ओठ हललेलेही मी पाहिले. तिने वाकून त्यांच्यासमोरची बशी उचलली, हसली आणि म्हणाली, ‘‘ऑल डन, बॅब?’’

बर्मिंगहॅममध्ये ‘बॅब’ म्हणजे लाडाचं संबोधन. बसचा ड्रायव्हर म्हणतो, भाजीवाली म्हणते, कुणीही कुणालाही म्हणतं. पण बाबांना हे ठाऊक नव्हतं.

‘‘लव्हली,’’ बाबा म्हणाले. ‘‘व्हेरी लव्हली.’’

बाहेर पडल्यावर कालव्याच्या कडेने ते बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, ‘‘हिला कसं रे कळलं, मला बाबा म्हणतात?’’ मी काहीतरी पुटपुटलो.

घरी आईने दार उघडलं. ‘‘काय मग, कसं होतं जेवण?’’

‘‘पोरगी फार गुणाची होती,’’ बाबा बूट काढत म्हणाले. ‘‘सकाळचं पिठलं उरलंय का?’’