दहा दिवसांत दहा देश? युरोपात स्पोर्ट्स कारने निघण्याआधी हे वाचा

मे महिना जवळ आला की एक संदेश नातेवाइकांच्या आणि कॉलेजमित्रांच्या ग्रुपांवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: "आयुष्यात एकदा तरी युरोपात स्पोर्ट्स कार भाड्याने घ्या. मुलांच्या मेच्या सुट्टीत जा. जर्मनीच्या ऑटोबान महामार्गांवर वेगमर्यादा नाही, 250 ने पळवा. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, तेवढं पुरतं. शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, सीमाच नाहीत, दहा दिवसांत दहा देश आरामात होतात. खर्च काय तो गाडीच्या भाड्याचा."

मी दक्षिण जर्मनीत राहते, दर उन्हाळ्यात आल्प्सच्या घाटांत गाडी चालवते, आणि हा संदेश वाचून निघालेली माणसं बऱ्याचदा आमच्याकडेच मुक्कामाला असतात. त्यांची हौस खरी असते आणि पैसा कष्टाचा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सुरुवात महिन्यापासून, कारण सगळ्यात जास्त हिरमोड तिथेच होतो. स्पोर्ट्स कार ज्या रस्त्यांसाठी घ्यायची ते रस्ते म्हणजे आल्प्समधले उंच घाट. इटलीतला स्टेल्व्हिओ 2757 मीटरवर. प्रातो गावाच्या बाजूने चढताना 48 वळणं, प्रत्येकावर नंबर लिहिलेला. स्वित्झर्लंडमधला फुर्का 2429 मीटर, सुस्टेन 2224, ग्रिम्सेल 2164. हे सगळे घाट हिवाळाभर बर्फाखाली बंद असतात आणि साधारण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी उघडतात. नक्की कधी, ते त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून. आपल्या शाळांना सुट्टी असते नेमकी त्याआधी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हौसेने फुर्काच्या पायथ्याच्या आंदेरमाट गावापर्यंत पोहोचलेल्या माणसाला फुर्काच्या फाट्यावर घाट बंद असल्याची पाटी दिसते. मग त्याच्या वाट्याला येतो गोटहार्डचा 17 किलोमीटरचा बोगदा, ट्रकच्या मागे, 80 च्या मर्यादेत. अशा प्रवासासाठी कुणी दोन दारांची गाडी घेऊ नये.

ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता तेवढा बहुधा मेच्या सुरुवातीला उघडतो. 1935 साली सुरू झालेला हा 48 किलोमीटरचा, 36 वळणांचा घाट, आणि त्याला वेगळा टोल. पण मेमध्ये तिथेही बर्फ पडून रस्ता पुन्हा बंद होऊ शकतो. मेच हवा असेल तर उंच घाटांचा हट्ट सोडून जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमध्ये या. बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट हा बे-500 रस्ता सूचिपर्णी झाडांमधून डोंगरमाथ्यावरून जातो, आणि तो वर्षभर उघडा असतो. तारखा हातात असतील तर मात्र जूनचा शेवट किंवा सप्टेंबर. गणपती ऑगस्टअखेर येतात त्या वर्षी विसर्जन आटोपून निघालात तर याहून चांगला मुहूर्त नाही. दिवाळीच्या सुट्टीत घाट परत मिटू लागलेले असतात.

आता ऑटोबान. जर्मनीत साधारण 70 टक्के लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही, इथवर संदेश खरा आहे. पुढचं त्यात येत नाही. 1978 पासून 130 हा शिफारस केलेला वेग आहे. त्याहून जोरात जाताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने 1992 साली ते स्पष्ट केलं आहे. शिवाय शहरांजवळ, दुरुस्तीच्या कामांपाशी आणि गर्दीच्या पट्ट्यांत मर्यादा असतेच. उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं कुठे नसतात?

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. जर्मनीत ट्रकची मर्यादा ताशी 80. तुम्ही 250 ने येत असाल तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला 47 मीटरने कमी होतं. ओव्हरटेक करायला डावीकडे येणाऱ्या ट्रकवाल्याच्या आरशात तुम्ही 200 मीटर मागे, एका ठिपक्याएवढे. तुमच्याकडे चार सेकंद उरतात. हे अंतर ओळखायला इथल्या माणसांची नजर वर्षानुवर्षं तयार होत जाते. आपली नजर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तयार झालेली, तीही गाड्या डावीकडून चालतात अशा देशात. इथे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिले दोन दिवस मेंदू त्यातच गुंतलेला असतो. पेट्रोलचंही बघा: हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 130 च्या तुलनेत 250 ला जवळजवळ पावणेचार पट. टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते, आणि ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबलात तर त्याचाही दंड आहे.

शिवाय जर्मनीची हद्द ओलांडली की तो वेग गुन्हा ठरतो. ऑस्ट्रियात महामार्गावर 130, स्वित्झर्लंडमध्ये 120, फ्रान्समध्ये 130 आणि पावसात 110. ऑस्ट्रियात मार्च 2024 पासून बेफाम वेगाने जाणाऱ्याची गाडी पोलीस जागेवर ताब्यात घेऊ शकतात. स्वित्झर्लंडमध्ये 80 च्या रस्त्यावर 140 गाठलंत तर प्रकरण थेट फौजदारी होतं, त्यात तुरुंगवासही आहे. मी हे घाबरवायला लिहीत नाही. पण भाड्याच्या गाडीत, परक्या देशात, मुलं हॉटेलवर वाट बघत असताना असं काही घडू नये, ही तळमळ आहे.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. इंग्रजीत असणं पुरत नाही. इटली आणि ऑस्ट्रियात मूळ लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओत नमुना 4-ए भरून, 1000 रुपयांत, एका वर्षासाठी मिळतो. नुसता तो परवाना नेऊन मूळ लायसन्स घरी ठेवलं तर त्याला काही किंमत नाही. दोन्ही जवळ हवीत. आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत फार घडते: "भाचा जर्मनीतच असतो, तो चालवेल." भाचा तिथे राहायला येऊन सहा महिने उलटले असतील आणि त्याने जर्मन लायसन्स काढलेलं नसेल, तर भारतीय लायसन्सवर त्याने गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो तिथे गुन्हा आहे. विमा त्यानंतर उपयोगाचा राहत नाही.

"सीमा नाहीत" हे पासपोर्टपुरतं बरंचसं खरं आहे, रस्त्यापुरतं नाही. म्युनिकहून इटलीतल्या बोल्झानोला जाताना ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचा पास, घ्यावं लागतं, ब्रेनर महामार्गाचा टोल त्याखेरीज वेगळा, आणि इटलीत शिरल्यावर तिसरा टोल. स्वित्झर्लंडचं विन्येट फक्त वर्षभराचंच मिळतं, 40 फ्रँकला, मग तुम्ही दोन तास राहा की दोन महिने. भाड्याच्या करारात गाडी कोणकोणत्या देशांत न्यायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं, आणि महागड्या गाड्यांसाठी ती यादी फार लहान असते. रोजच्या किलोमीटरची मर्यादा, जबर अनामत, चालकाच्या वयाची जास्तीची अट आणि रेसट्रॅकवर नेण्याची बंदीही त्यातच असते. दहा देशांचा बेत बऱ्याचदा या कागदावरच मोडतो.

इटलीतल्या जुन्या शहरांचा तर वेगळाच घोळ. फ्लॉरेन्स, पिसा, रोम यांच्या मध्यभागी ठराविक गाड्यांनाच प्रवेश असतो, वेशीवर कॅमेरे असतात, अडवायला माणूस नसतो. माझ्या आतेभावाने हॉटेल शोधताना एकाच गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. दंड तीन आले, तेही तो डोंबिवलीला परतून सात महिने झाल्यावर. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला तिथे 360 दिवसांची मुदत आहे. त्याचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाडेकंपनीने आपली फी दर वेळी वेगळी कापली. "खर्च काय तो भाड्याचा" म्हणणाऱ्यांनी हे मोजलेलं नसतं.

सामानाबद्दल तर संदेशात अवाक्षर नाही. पोर्शे 911 च्या पुढच्या डिकीत 132 लिटर जागा, माझ्दाच्या छोट्या एमएक्स-5 मध्ये सुमारे 130. केबिन बॅग धरली 50 लिटरची, तर दोन बॅगांत विषय संपला. विमानातून आणलेली मोठी बॅग त्यात शिरत नाही, आणि गाडी ताब्यात घेताना पार्किंगमध्ये उभं राहून हे कळलं तर पहिला दिवस रडका जातो. म्हणून मार्ग गोल आखा. जिथून गाडी घ्याल तिथेच परत द्या, मोठ्या बॅगा त्या गावच्या हॉटेलात ठेवा, दोन मऊ पिशव्या घेऊन निघा. दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे जादा पैसेही वाचतात.

आणि गाडी लहानच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. घाटातल्या वळणांवर वेग असतो 20-30. तिथे 500 अश्वशक्तीचं काही चालत नाही. एक टनाच्या आसपासची हलकी दोन सीटांची गाडी तिथे खेळते. रुंद गाडीत समोरून बस आली की जीव आक्रसतो. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालमार्गांवर पिवळ्या पोस्टबसला मान आहे: वळणाआड तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की थांबायचं, आणि बसचालक सांगेल तशी गाडी मागेपुढे घ्यायची.

गेल्या वर्षी पुतण्या आला तो याच संदेशातले दहा देश कागदावर लिहून. मी त्याला एक देश आणि एक फेरी दिली: आंदेरमाटहून फुर्का, खाली ग्लेच, मग ग्रिम्सेल, इनर्टकिर्खेन, सुस्टेन, वासेन आणि परत आंदेरमाट. जेमतेम 120 किलोमीटर. आदल्या रात्री तिन्ही घाट उघडे आहेत ना ते पाहिलं, टाकी भरली, सकाळी साडेसहाला निघालो, म्हणजे मोटरसायकली आणि बस सुरू व्हायच्या आत फुर्का आमचा. ग्लेचच्या वर, जिथे रोन नदी हिमनदीतून निघते, तिथे त्याने गाडी थांबवली, छत उघडं टाकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. अकराच्या सुमारास आंदेरमाटला परतलो. त्याने कॉफी घेतली, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "काकू, हीच फेरी उलट्या दिशेने मारायची का?" मारली.